समुद्रालाही वतन मानणारे मास्तर : इंडोनेशियाचे जुआंडा कार्ताविजाया

जगात सर्वात जास्त मुसलमान कोणत्या देशात राहतात, असं विचारलं तर आपल्या घरातली शाळकरी मुलंही पटकन इंडोनेशिया म्हणतात. तिथल्या एखाद्या नेत्याचं नाव सांगा म्हटलं तर मोठी माणसं सुकार्णो म्हणतात. त्याच्या पुढे मात्र बहुतेकांची गाडी थांबते. आज ज्यांची ओळख करून द्यायची आहे, त्यांचं चित्र तिथल्या पन्नास हजार रुपियांच्या नोटेवर छापलेलं आहे. सुराबाया शहराचा विमानतळ त्यांच्या नावाने ओळखला जातो, जकार्तातलं एक रेल्वे स्टेशनही. नाव जुआंडा कार्ताविजाया. आडनावातला विजय हा शब्द आपल्या ओळखीचाच आहे. अरबी आणि संस्कृत अशी दोन्हीकडची नावं त्या देशात एकाच घरात सुखाने नांदतात.

जुआंडा यांनी कुठली लढाई जिंकली नाही, जोशपूर्ण भाषणांसाठीही ते प्रसिद्ध नव्हते. त्यांनी एक जाहीरनामा काढला. त्या जाहीरनाम्याने देशाच्या बेटांच्या मधलं सगळं पाणी देशाचं ठरलं. तेव्हा मोठमोठ्या देशांनी त्याला विरोध केला, पण पंचवीस वर्षांनी साऱ्या जगाच्या कायद्यात त्याला जागा मिळाली. परदेशी युद्धनौकांनी दुसऱ्याच्या पाण्यातून जावं की नाही, आणि गेल्यावर तिथे कवायत करावी की नाही, हा वाद आजही पेटतो. त्या वादाचं मूळ समजून घ्यायचं तर या माणसाची जिंदगी पाहावी लागते.

मास्तरांच्या घरातला मुलगा

जुआंडा यांचा जन्म १४ जानेवारी १९११ रोजी पश्चिम जावामधल्या तासिकमलाया इथे झाला. तेव्हा हा सगळा मुलूख डचांच्या ताब्यात होता आणि त्याला डच ईस्ट इंडीज म्हणत. वडील शाळामास्तर होते. घरात पैसा बेताचाच, पण तालीमचं महत्त्व पुरेपूर. मुलगा हुशार निघाला. बांडुंगच्या डच माध्यमिक शाळेतून १९२९ मध्ये तो बाहेर पडला आणि तिथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल झाला. याच महाविद्यालयातून काही वर्षं आधी, १९२६ मध्ये, सुकार्णो इंजिनिअर होऊन बाहेर पडले होते. जुआंडा १९३३ मध्ये स्थापत्य अभियंता झाले. त्या काळी इतकं शिकलेले स्थानिक लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

असा शिकलेला तरुण कुठे जाईल? डच सरकारची नोकरी, चांगला पगार, बंगला. जुआंडा गेले शाळेत शिकवायला. १९१२ मध्ये अहमद दहलान यांनी योग्यकर्ता इथे मुहम्मदिया ही संघटना सुरू केली होती. दीनी तालीमबरोबर गणित, विज्ञान, भूगोल शिकवणाऱ्या शाळा काढणं हे तिचं मोठं काम. जकार्तामधल्या तिच्या माध्यमिक शाळेत जुआंडा शिक्षक झाले आणि पुढे तिथेच मुख्याध्यापक. त्यांना महाविद्यालयात सहायकाची जागा देऊ केली गेली होती. पगार कितीतरी जास्त होता. त्यांनी ती घेतली नाही. चार वर्षं ते शाळेतच राहिले.

आम्हा मास्तर लोकांना ही गोष्ट जरा जास्तच भावते, हे कबूल. पण ती इथे सांगण्याचं कारण वेगळं आहे. पुढे या माणसाने जे केलं त्यात भूगोलाचा मास्तर आणि इंजिनिअर दोघंही दिसतात. नकाशा नीट बघायचा, माप घ्यायचं, मग बोलायचं.

१९३७ नंतर ते पश्चिम जावाच्या सिंचन खात्यात गेले. कालवे, बंधारे, पाण्याची पाळी हे त्यांचं रोजचं काम झालं. पाणी कुठून येतं, कुठे जातं, कोणाच्या शेतात आधी सोडायचं आणि त्यावरून भांडणं कशी होतात, हे त्यांनी जवळून पाहिलं.

रेल्वे, कैद आणि मंत्रिपद

१९४२ मध्ये जपानी आले, डच गेले. १९४५ मध्ये जपान हरला आणि १७ ऑगस्टला इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. पण जाहीर करणं वेगळं आणि हातात घेणं वेगळं. कचेऱ्या, रेल्वे, बंदरं अजून जपान्यांच्याच हातात होती आणि डच परत येण्याच्या तयारीत होते. २८ सप्टेंबर १९४५ रोजी बांडुंगमध्ये तरुण कामगारांनी रेल्वेचं मुख्यालय ताब्यात घेतलं. या कामात जुआंडा पुढे होते आणि नव्या रेल्वेचे पहिले प्रमुखही तेच झाले. त्या देशात २८ सप्टेंबर आजही रेल्वे दिवस म्हणून पाळतात.

१९४६ पासून ते सरकारात आले ते शेवटच्या श्वासापर्यंत. दळणवळण, बांधकाम, नियोजन अशी खाती त्यांच्याकडे आली. मंत्रिमंडळं पडत होती, पंतप्रधान बदलत होते, पक्ष एकमेकांशी भांडत होते, पण जुआंडा कुठल्या तरी खात्यात असायचेच. लोक त्यांना मॅरेथॉन मंत्री म्हणू लागले. ते कुठल्याच मोठ्या पक्षाचे नव्हते. कामाचा माणूस, एवढीच ओळख.

डिसेंबर १९४८ मध्ये डच फौजेने योग्यकर्तावर हल्ला करून सुकार्णो आणि इतर नेत्यांना पकडलं, त्यात जुआंडाही पकडले गेले. डचांनी पश्चिम जावामध्ये पासुंदान नावाचं आपल्या मर्जीतलं राज्य उभं केलं होतं. त्याच्या सरकारात या म्हणून त्यांची मनधरणी झाली. त्यांनी नकार दिला. १९४९ मध्ये हेग इथे डचांशी वाटाघाटी झाल्या तेव्हा ते आर्थिक बाबी सांभाळायला शिष्टमंडळात होते. त्या वर्षी २७ डिसेंबरला डचांनी इंडोनेशियाचं स्वातंत्र्य मान्य केलं. एक तुकडा मात्र सोडला नाही, तो म्हणजे न्यू गिनी बेटाचा पश्चिम भाग, ज्याला इंडोनेशियन लोक इरियन म्हणत. हा तुकडा लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीची चावी तिथे आहे.

पाण्याने तुटलेला देश

आता नकाशा समोर घ्या. इंडोनेशियात सतरा हजारांहून जास्त बेटं आहेत. सुमात्रा, जावा, कालीमंतान, सुलावेसी ही मोठी, बाकी असंख्य लहान. जावा आणि कालीमंतान यांच्यामध्ये जावाचा समुद्र, शेकडो किलोमीटर रुंद.

कायदा काय होता? डचांनी १९३९ मध्ये केलेला नियम असा की प्रत्येक बेटाच्या ओहोटीच्या रेषेपासून तीन सागरी मैल पाणी त्या बेटाचं. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे जेमतेम साडेपाच किलोमीटर. त्यापलीकडे खुला समुद्र, सगळ्या जगाचा. कुणीही यावं, जाळं टाकावं, तोफा डागून सराव करावा.

म्हणजे बघा, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायला निघालेला इंडोनेशियन माणूस साडेपाच किलोमीटर गेला की आपल्या देशाबाहेर पडत होता, आणि पलीकडच्या किनाऱ्याजवळ पोहोचला की पुन्हा देशात येत होता. एखाद्या घराच्या खोल्या आपल्या, पण मधलं अंगण गावाचं, अशी अवस्था. डच राज्यकर्त्यांना याचं काही वाटत नव्हतं, कारण त्यांच्याकडे मोठं आरमार होतं. नव्या, गरीब देशाकडे ते नव्हतं.

१९५७ साली हे दुखणं असह्य झालं. इरियन सोडायला डच तयार नव्हते आणि त्यांच्या युद्धनौका जावाच्या समुद्रातून बिनदिक्कत ये-जा करत होत्या. कायद्याने त्यांना कुणी अडवू शकत नव्हतं. दुसरीकडे सुमात्रा, सुलावेसी इथले लष्करी अधिकारी जकार्ताच्या सरकारवर नाराज होते. रबर, खोबरं असा माल परस्पर बाहेर जात होता आणि समुद्रावर पहारा ठेवायला सरकारकडे धड बोटी नव्हत्या. देशात मार्च १९५७ पासून लष्करी कायदा लागू होता. अशा वेळी, ९ एप्रिल १९५७ रोजी, सुकार्णोंनी कुठल्याही पक्षाचे नसलेले जुआंडा यांना पंतप्रधान केलं.

नोव्हेंबरच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत इरियनचा ठराव आला. त्याला दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत. दुसऱ्याच दिवशी जकार्तात सुकार्णोंवर हातबॉम्ब फेकून त्यांना मारण्याचा प्रयत्न झाला. देश खवळला. कामगारांनी डच कंपन्या ताब्यात घ्यायला सुरुवात केली. बेटांमधली बरीचशी वाहतूक करणारी डच जहाज कंपनी त्यात होती. तिने आपली जहाजं इंडोनेशियाच्या पाण्याबाहेर काढून घेतली आणि बेटाबेटांमधलं दळणवळण कोलमडलं. हजारो डच नागरिकांना देश सोडावा लागला. त्यात तिथेच जन्मलेले, तीच जमीन आपली मानणारेही होते. हा इतिहासाचा कडू भाग आहे आणि तो जुआंडांच्याच कारकिर्दीत घडला, हे लपवण्यात अर्थ नाही.

जुम्म्याच्या दिवशीचा जाहीरनामा

समुद्राच्या नव्या कायद्यासाठी सरकारने आधीच एक समिती नेमलेली होती. तिचा मसुदा असा होता की तीन मैलांऐवजी बारा मैल करावेत. पण बारा मैल म्हणजे बावीस किलोमीटर. जावाच्या समुद्राच्या मधोमध मोठा पट्टा तरीही खुलाच राहत होता. डच जहाजं तिथून जातच राहिली असती.

इथे एक तरुण कायदेपंडित पुढे आला. मुख्तार कुसुमाआत्मजा, वय अवघं २८. त्याने विचार उलटा केला. प्रत्येक बेटाभोवती वेगळं कुंपण घालण्याऐवजी सगळ्यात बाहेरच्या बेटांची टोकं सरळ रेषांनी जोडायची. या रेषांच्या आत जे पाणी येईल ते सगळं देशाचं. आणि बारा मैल मोजायचे ते या रेषांच्या बाहेर.

तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात याला सरळ आधार नव्हता. नॉर्वेने आपल्या तुटक्या किनाऱ्यासाठी सरळ रेषा आखल्या होत्या आणि १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्या वैध ठरवल्या होत्या, पण ती मुख्य भूमीच्या किनाऱ्याची गोष्ट होती. शेजारच्या फिलिपिन्सनेही आपल्या बेटांमधल्या पाण्यावर असाच हक्क सांगितला होता. तरी अख्खा द्वीपसमूह एक घर मानायचा, ही मागणी जगाला मान्य झालेली नव्हती. समोर धोका साफ दिसत होता. मोठी आरमारं असलेले देश चिडणार आणि इंडोनेशियाकडे त्यांना उत्तर द्यायला जहाजं नाहीत.

निर्णय पंतप्रधानांना घ्यायचा होता. सावध स्वभावाचा, मोजमाप करून बोलणारा हा इंजिनिअर अशा वेळी मागे सरकेल असं कुणालाही वाटलं असतं. जुआंडा सरकले नाहीत. १३ डिसेंबर १९५७, शुक्रवारचा दिवस, त्यांच्या सरकारने जाहीरनामा काढला. बेटांच्या भोवतालचं, बेटांच्या मधलं आणि बेटांना जोडणारं सगळं पाणी, मग ते कितीही रुंद असो, इंडोनेशियाच्या भूमीचाच भाग आहे, असा त्याचा आशय होता. आणि त्याच कागदात पुढे हेही होतं की परदेशी जहाजांना या पाण्यातून शांतपणे जाण्याची मुभा राहील, जोवर ती देशाच्या सार्वभौमत्वाला आणि सुरक्षिततेला बाधा आणत नाहीत तोवर.

इंडोनेशियन भाषेत मातृभूमीला तानाह आयर म्हणतात. तानाह म्हणजे जमीन, आयर म्हणजे पाणी. तिथल्या लोकांच्या जिभेवर जे शेकडो वर्षं होतं ते या जाहीरनाम्याने कायद्याच्या भाषेत मांडलं. समुद्र बेटांना तोडत नाही, जोडतो.

वाट देणं वेगळं, मैदान देणं वेगळं

या जाहीरनाम्याचं खरं शहाणपण त्याच्या दुसऱ्या भागात आहे. नुसतं पाणी आमचं म्हणून थांबले असते तर तो दावा हट्ट ठरला असता. हिंदी महासागरातून पॅसिफिक महासागरात जाणारे मोठे रस्तेच या बेटांमधून जातात. आपल्या रत्नागिरी, रायगडच्या कितीतरी घरांतले बाप, चाचा, मामू बोटीवर नोकरी करत मलाक्काच्या सामुद्रधुनीतून गेलेले आहेत. त्या पाण्याचं दार बंद झालं तर जगाचा व्यापार अडेल, हे त्यांना विचारा.

कोकणात किंवा देशावर, आपल्या गावात वहिवाट नावाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या अंगणातून विहिरीकडे जाणारी पायवाट असते. लोक पिढ्यान्पिढ्या तिथून जातात. तुम्ही त्यांना अडवू शकत नाही आणि अडवूही नये. पण म्हणून जाणाऱ्याने तुमच्या अंगणात खाट टाकून बसावं, शिकार करावी, बंदुकीचा नेम धरायला शिकावं, हे चालेल का? जायचा हक्क आहे, थांबून वाट्टेल ते करायचा नाही. अंगण तुमचंच राहतं.

समुद्राच्या कायद्यातही हीच रेघ आहे. शांतपणे जाणाऱ्या जहाजाने शस्त्रांचा सराव करायचा नाही, हेरगिरी करायची नाही, विमानं उडवायची नाहीत, मासे धरायचे नाहीत. पाणबुडी असेल तर तिने वर येऊन, झेंडा दाखवून जायचं. इंडोनेशियाने जाहीरनाम्याला फेब्रुवारी १९६० मध्ये कायद्याचं रूप दिलं. नकाशावर २०१ बिंदू ठरवले, ते १९६ सरळ रेषांनी जोडले आणि देशाचा आकार साधारण २० लाख चौरस किलोमीटरवरून ५० लाखांपर्यंत गेला. एक गोळी न झाडता. १९६२ मध्ये जहाजांच्या ये-जा करण्याचे नियमही आले.

जगाची प्रतिक्रिया मात्र तिखट होती. अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया यांनी निषेध नोंदवला. १९५८ मध्ये आणि पुन्हा १९६० मध्ये जिनिव्हा इथे समुद्राच्या कायद्यावर जागतिक परिषदा झाल्या. दोन्ही वेळा इंडोनेशियाच्या हाती काही लागलं नाही. घरात तर आणखी मोठं वादळ उठलं होतं. फेब्रुवारी १९५८ मध्ये सुमात्रातल्या बंडखोरांनी जुआंडांच्या सरकारने पायउतार व्हावं असा निर्वाणीचा इशारा दिला आणि नंतर वेगळं सरकारच जाहीर केलं. ते बंड मोडलं गेलं, पण खूप रक्त सांडलं.

जुलै १९५९ मध्ये सुकार्णोंनी जुनी राज्यघटना परत आणली आणि पंतप्रधानपद स्वतःकडे घेतलं. जुआंडा पहिले मंत्री या नावाने काम करत राहिले. सुकार्णोंच्या हातात सगळी सत्ता एकवटत होती. संसदीय लोकशाही मागे पडत होती. जुआंडांनी याला उघड विरोध केला नाही. काहींना हा त्यांचा दोष वाटतो आणि तो विचार चुकीचा म्हणता येत नाही. खिदमत करणारा माणूस कधी कधी मालकाच्या चुकाही खांद्यावर वाहतो.

इंतकाल आणि पुढची वर्षं

७ नोव्हेंबर १९६३ रोजी जकार्तात हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा इंतकाल झाला. वय फक्त ५२. इरियन त्याच वर्षी मे महिन्यात इंडोनेशियाकडे आलं होतं, ते त्यांनी पाहिलं. त्यांच्या पाण्याच्या दाव्याला जगाने मान्यता दिलेली मात्र ते पाहू शकले नाहीत. त्याच नोव्हेंबरमध्ये त्यांना राष्ट्रीय वीराचा दर्जा देण्यात आला. कालीबाताच्या वीरांच्या कब्रस्तानात ते दफन आहेत.

ते गेल्यावर वर्षाच्या आतच त्या जाहीरनाम्याची परीक्षा झाली. १९६४ मध्ये मलेशियाच्या प्रश्नावरून ब्रिटन आणि इंडोनेशिया समोरासमोर आले होते. ब्रिटनची व्हिक्टोरियस ही विमानवाहू युद्धनौका सुंदा सामुद्रधुनीतून ऑस्ट्रेलियाकडे गेली. परत येताना इंडोनेशियाने सुंदा सामुद्रधुनीत आपल्या नौदलाचा सराव आहे असं कळवून तो रस्ता बंद ठेवला. काही दिवस युद्ध पेटतं की काय अशी स्थिती होती. शेवटी ती नौका सप्टेंबरमध्ये लोंबोकच्या सामुद्रधुनीतून निघून गेली. ब्रिटनची इज्जत राहिली, इंडोनेशियाचीही राहिली. पण एवढं कळलं की नियम लिहून ठरवले नाहीत तर एके दिवशी तोफाच ठरवतील.

म्हणून पुढचं काम वाटाघाटींच्या टेबलावर झालं. तोच तरुण मुख्तार पुढे मंत्री झाला. १९७३ मध्ये इंडोनेशिया, फिलिपिन्स, फिजी आणि मॉरिशस या चार बेटवाल्या देशांनी एकत्र मागणी मांडली. त्या वर्षी सुरू झालेली तिसरी परिषद नऊ वर्षं चालली. १० डिसेंबर १९८२ रोजी जमैकामधल्या माँटेगो बे इथे समुद्राच्या कायद्याच्या करारावर सह्या झाल्या. त्यात द्वीपसमूही राष्ट्रांसाठी एक अख्खा भाग आहे. बाहेरची बेटं रेषांनी जोडा, पण बहुतेक रेषा १०० सागरी मैलांपेक्षा लांब नकोत. आतलं पाणी जमिनीच्या नऊ पटींपेक्षा जास्त नको. पाणी तुमचं, पण जहाजांना आणि विमानांना न थांबता पार होण्यासाठी मार्ग ठेवा. हा करार १९९४ मध्ये अमलात आला.

शेजाऱ्याचा हक्क

इथे एक गोष्ट सुटायला नको, नाहीतर गोष्ट एकतर्फी होईल. घराच्या सीमा वाढल्या की शेजाऱ्याचं काय होतं?

मलेशियाचे दोन भाग आहेत, एक द्वीपकल्पावर आणि एक बोर्निओ बेटावर. मधला समुद्र इंडोनेशियाच्या रेषांच्या आत गेला. मलेशियाची जहाजं, मच्छीमार, नौदल त्याच पाण्यातून वर्षानुवर्षं ये-जा करत होतं. फेब्रुवारी १९८२ मध्ये दोन्ही देशांनी जकार्तात वेगळा करार केला. मलेशियाने इंडोनेशियाची द्वीपसमूहाची कल्पना मान्य केली आणि इंडोनेशियाने त्या पट्ट्यात मलेशियाच्या जहाजांचा, विमानांचा, ठरावीक मासेमारीचा आणि नौदलाच्या हालचालींचाही हक्क मान्य केला.

सिंगापूरचं दुखणं आणखी वेगळं. चिमुकला देश, स्वतःची हवा आणि पाणी इतकं कमी की सैन्याला सराव करायला जागाच नाही. जागतिक करारात एक वाक्य आहे की लगतच्या शेजाऱ्यांच्या परंपरागत मासेमारीला आणि इतर योग्य व्यवहारांना द्वीपसमूही राष्ट्राने मान द्यावा. लष्करी सराव या योग्य व्यवहारांत बसतो, असं सिंगापूर म्हणतं. सराव करायचा तर आधी आमच्याशी करार करा, असं इंडोनेशिया म्हणतं. १९९५ चा दोघांचा सरावाचा करार २००३ मध्ये संपला. २००७ मध्ये बालीत नवा करार झाला, पण इंडोनेशियाच्या संसदेने तो मंजूर केला नाही, कारण आपल्या पाण्यात दुसऱ्याच्या तोफा हे अनेकांना पटेना. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये बिंतान बेटावर दोन्ही देश पुन्हा बसले आणि मार्च २०२४ मध्ये तो करार अमलात आला. सिंगापूरला सरावाला जागा मिळाली, इंडोनेशियाची मालकी कागदावर स्पष्ट झाली. सतरा वर्षं लागली, पण भांडण बोलण्यातून मिटलं.

मोठ्या ताकदीशी मात्र ते इतक्या सहज मिटत नाही. ३ जुलै २००३ रोजी जावाच्या समुद्रातल्या बावेआन बेटाजवळ अमेरिकी लढाऊ विमानं दिसली. ती एका विमानवाहू युद्धनौकेच्या ताफ्यातली होती. इंडोनेशियाची दोन एफ-१६ विमानं पाहायला गेली आणि आकाशात काही मिनिटं दोन्ही बाजू एकमेकांवर रोखून होत्या. इंडोनेशियाचं म्हणणं, ही आमची हवा आहे आणि इथून प्रवासी विमानं जातात. अमेरिकेचं म्हणणं, आम्ही आंतरराष्ट्रीय मार्गाने जात होतो. इंडोनेशियाने उत्तर-दक्षिण तीन मार्ग ठरवून दिलेले आहेत. पूर्व-पश्चिम मार्ग तिने दिलेला नाही आणि अमेरिका तोही आपला हक्क मानते. विशेष म्हणजे अमेरिका या कराराची सदस्यच नाही. जाणं कुठे संपतं आणि सराव कुठे सुरू होतो, हा प्रश्न असा अजूनही उघडा आहे.

आपल्या देशालाही हा प्रश्न परका नाही. भारताला मुख्य भूमी आहे, त्यामुळे कायद्याने भारत द्वीपसमूही राष्ट्र ठरत नाही. पण १९९५ मध्ये समुद्राचा करार मंजूर करताना भारतानेही लेखी नोंदवलं की आपल्या दोनशे मैलांच्या आर्थिक क्षेत्रात परवानगीशिवाय परदेशी लष्करी सराव चालणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेची एक युद्धनौका लक्षद्वीपच्या पश्चिमेला, भारताच्या आर्थिक क्षेत्रात, परवानगी न मागता फिरली आणि तसं तिने जाहीरही केलं. दिल्लीने हरकत घेतली. ज्या लक्षद्वीपच्या बेटांवर बहुतेक वस्ती मुसलमान मच्छीमार आणि खलाशांची आहे, त्यांच्या दारातली ही गोष्ट.

काय उरलं

१३ डिसेंबर हा दिवस इंडोनेशियात नुसांतारा दिवस म्हणून पाळतात. नुसांतारा म्हणजे त्यांचा द्वीपसमूह. शाळेत मुलं नकाशा काढतात तेव्हा बेटांच्या मधलं निळं पाणीही देशाच्या रेषेच्या आत असतं. त्यांना ते इतकं साहजिक वाटतं की कधीकाळी ते तसं नव्हतं हे मुद्दाम सांगावं लागतं.

जुआंडांकडे त्या जाहीरनाम्याच्या दिवशी मोठं आरमार नव्हतं. रिकामी तिजोरी, फुटू पाहणारी बेटं आणि नाराज जग, एवढंच होतं. दुबळ्या देशाकडून एवढी मोठी मागणी होते तेव्हा ती टिकते कशावर? ती इन्साफवर टिकते. आमचं ते आमचं, पण तुमची वाट आम्ही अडवणार नाही, हे दोन्ही एकाच कागदात लिहिलं होतं म्हणून तो कागद टिकला. फक्त पहिलं लिहिलं असतं तर जगाने तो फाडून टाकला असता, आणि फक्त दुसरं लिहिलं असतं तर लिहायची गरजच नव्हती.

आपल्या घरांत, वाड्यांत, जमिनीच्या तुकड्यांवरून भावाभावांत किती दावे चालू आहेत, हे वेगळं सांगायला नको. बांधावरून पिढ्या कोर्टात जातात. अशा वेळी मुलांना जुआंडा मास्तरांची ही गोष्ट जरूर सांगावी. आपला हक्क ठामपणे मांडावा, लिहून मांडावा, आणि त्याच कागदात शेजाऱ्याची पायवाटही नोंदवावी. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो.